दिव्याचं काम माझ्याकडे होतं

१४ मार्च

ती. ताई,

सा. नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल. मी ठीक आहे. जेवतो, कामावर जातो.

वहीसाठी तुमचे चार फोन झाले. तुमच्या धाकट्या बहिणीचं अक्षर तुम्हाला जवळ हवंय, कळतं मला. पण ती गेल्यापासून प्रयोगशाळेत त्या वहीवाचून माझं पान हलत नाही, आणि वही असूनही हलत नव्हतं!

तिचं जेल म्हणजे पाण्याने फुगलेला पारदर्शक, लिबलिबीत थर. त्यावर हृदयाच्या पेशी वाढवायच्या. घट्ट झाला तर त्या धडधडत नाहीत, पातळ राहिला तर बुडतात. ती बोटाने दाबून म्हणायची, "कानाच्या पाळीएवढं हवं." पावडर किती, पाणी किती, अतिनील दिव्याखाली किती मिनिटं, सगळं वहीत आहे. दीड महिना तंतोतंत तसंच केलं. रोज पाणचट. प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर तिचा प्रयोग बंद." खरं सांगतो, वही भिरकावून द्यावीशी वाटली.

काल दिवा लावला आणि तुमचा फोन आला. अर्धा तास! "वहीचं काय लोणचं घालणार आहात?" म्हणालात. चरफडत परत आलो, जेलची थाळी दिव्याखाली सरकवली. जेल जमलं. अगदी पाळीएवढं.

दिवा तापायला वेळ लागतो, ताई. वहीत ते नाही, कारण ते काम तिचं नव्हतंच. "आल्या आल्या दिवा लाव," असं तिने पहिल्या दिवशी सांगितलं. सात वर्षं मी लावला, कशासाठी ते न विचारता. ती गेल्यावर मात्र थाळी ठेवायच्या वेळीच लावत होतो.

एक दिवस सोडून. सकाळी घरी आमचं वाजलं होतं. मी मुद्दाम लावला नाही. मग ती यायच्या पाच मिनिटं आधी गुपचूप लावला. जेल वाहून गेलं. मी म्हणालो, "हात बिघडलाय तुझा."

दुसऱ्याच दिवशी ती तापाने आडवी झाली. दवाखान्यात सारखी कानाची पाळी चिमटीत धरून बघायची, आठवतं? तुम्ही विचारलंत, "कान दुखतोय का हिचा?" मी हो म्हणालो.

प्रयोग चालू राहील. वही सोबत पाठवतोय. शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात एक ओळ आहे, दिव्याची. ती खोडू नका.

तिचा कान दुखत नव्हता, ताई. हातही बिघडला नव्हता.

तुमचा अपराधी
मेहुणा