ताबा कुणाकडे?

८ जानेवारी
हेलपाटले नुसती! माणसाच्या उंचीवर हेलिकॉप्टर एका जागी थोपवून धरायचं, एवढंच होतं आज. डाव्या हाताने उचलायचं, उजव्या हातातल्या दांड्याने तोल सांभाळायचा, पायांनी नाक सरळ ठेवायचं—एक हललं की बाकीचं सगळं बिघडतं. शिकवणारी माझ्याहून दहा वर्षांनी लहान. ताई म्हणते आणि वर ओरडते. "ताई, दांडा धरलाय की कुणाची मानगूट? दोन बोटं पुरतात!"

घरी बाबा: "तुझ्या एका तासाच्या पैशांत माझी गाडी वर्षभर पळेल." मग स्वतःच हसले. "पैसे उडवणारे खूप पाहिले, पण इतकं अक्षरशः?"

खोली वाढवायला साठवलेले पैसे चाललेत, खरंय. पण वर्षानुवर्षं मुलांना फळ्यावर डोंगर काढून दाखवले, वरून दिसतात तसे. एकदा तरी स्वतः वरून बघायचेत.

१५ जानेवारी
भलतीच चूक झाली. ती उतरवत होती, मला झुकल्यासारखं वाटलं आणि मी न बोलता दांडा धरला. दोघींचे हात, दोन दिशा! कसंबसं टेकलं. ती पांढरीफटक पडली होती. ओरडलीही नाही, तेच जास्त लागलं.

"'ताबा तुमच्याकडे' मी म्हणणार. 'ताबा माझ्याकडे' तुम्ही. मग मी पुन्हा एकदा म्हणणार, आणि तेव्हाच हात काढणार. न सांगता घ्यायचं नाही. न सांगता सोडायचंही नाही."

१६ जानेवारी
स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सराव. डाव्या हातात छत्री, उजव्यात पळी. दोघींची वाक्यं मीच म्हणत होते, मोठ्याने. बाबा दारात. "लागलं वेड पोरीला!" गेले नाहीत मात्र. ऐकत उभे राहिले.

२ फेब्रुवारी
बाबा गाडी चालवत होते. गाडी कडेच्या सायकलवाल्यावर जायला लागली. मी स्टिअरिंग ओढलं. वाचला तो!

"तुला गाडी मी शिकवलीय. पुन्हा हात लावायचा नाही!"

सायकलवाला त्यांना दिसलाच नव्हता. मला कळलंय. त्यांनाही कळलंय. किल्ली लपवून ठेवणं सोपं आहे, पण तेही न सांगता घेणंच की. आणि सांगायला जीभ रेटत नाही. ज्यांनी शिकवलं त्यांनाच कसं म्हणू, आता पुरे?

१९ फेब्रुवारी
आजही नाही सांगितलं.

५ मार्च
एकटीने उडवलं! ती उतरली, डावीकडच्या रिकाम्या सीटचा पट्टा बांधला, दार लावलं. तिच्या वजनाची इतकी सवय—उचलताना डावी बाजू एकदम आधी वर आली. दोन बोटं, दोन बोटं... आणि थांबलं. एका जागी थांबलं! "ताबा माझ्याकडे," तोंडातून निघून गेलं. उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

बाबा कुंपणापाशी उभे होते. खूप हात हलवत होते. दूर शेडपाशी बंद उभ्या असलेल्या दुसऱ्या हेलिकॉप्टरकडे बघून.

६ मार्च
सकाळी बाजारात निघालो. बाबा चालवत होते. चौकाच्या आधीच त्यांनी गाडी कडेला घेतली. समोर बघत म्हणाले, "ताबा तुझ्याकडे."

"ताबा माझ्याकडे, बाबा."

हात स्टिअरिंगवर तसेच. मग पुन्हा एकदा म्हणाले, आणि सोडले.