पडदेवाल्यांचे पातळ चरित्र रद्दीत न घालण्याबाबत

प्रति,
माननीय अध्यक्ष,
ग्रंथनिवड समिती,
नगर वाचनालय, दुसरा मजला.

विषय: पडदेवाल्यांच्या दोन चरित्रांपैकी चुकीचे निवडले गेल्याबद्दल, व बरोबर असलेले आज अकराच्या टेम्पोत न टाकण्याबद्दल.

संदर्भ: देवघेव खिडकीशेजारी लावलेली ‘काढून टाकायची पुस्तके’ ही यादी, अनुक्रमांक ४१.

महोदय,

अर्जदार आपल्याच वाचनालयाची पुस्तके बांधतो. बावीस वर्षे जिन्याखालच्या खोलीत बसतो. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचे शिक्षण फाटक्या पुस्तकांनी केले. तेव्हा भाषेत उद्धटपणा आढळल्यास तो त्यांच्याकडून आला असे समजून पुढे वाचावे.

१. ज्यांनी या भागात पहिल्यांदा तंबू ठोकून हलती चित्रे दाखवली, ते पडदेवाले आपणास माहीत आहेतच. त्यांच्या पहिल्या खेळाला शंभर वर्षे होत असल्याने समितीने ठरवले की त्यांचे एकच चरित्र कपाटात ठेवावे. सहाशे बारा पानांचे जाड निवडले. त्यांच्या तंबूत तिकिटे फाडणाऱ्या कारकुनाने लिहिलेले, शहाण्णव पानांचे पातळ रद्दीत काढले. जाड पुस्तकाच्या पहिल्या पानावर समितीच्या पाचही सदस्यांच्या सह्या आहेत: ‘संपूर्ण वाचले. विषयास पूर्ण न्याय.’

२. महोदय, त्या जाड पुस्तकाच्या चौथ्या फर्म्याची, म्हणजे सोळा पानांच्या घडीची, कड छापखान्यात कापायची राहून गेली आहे. पान ४९ ते ६४ एकमेकांना जोडलेली आहेत, पट्टी घालून फाडल्याशिवाय वाचताच येत नाहीत. ती आजही जोडलेलीच आहेत. पाच माणसांनी संपूर्ण वाचले म्हणजे नेमके काय केले, हे अर्जदार विचारत नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्यावी. फक्त निवड पुन्हा करावी.

३. अर्जदाराने ते जाड पुस्तक (ती सोळा पाने सोडून) दोनदा वाचले आहे. त्यात पडदेवाले एकदाही घाबरत नाहीत, एकदाही चुकत नाहीत, आणि तंबू आपोआप उभा राहतो. खुंट्या कोणी ठोकल्या, पडदा कोणी धुतला, यंत्राची चक्री कोणी फिरवली? कोणीच नाही. पातळ पुस्तकात मात्र तंबूला आग लागते तेव्हा पडदेवाले सगळ्यांच्या आधी बाहेर पळतात, आणि मग लाजून आत परत जातात. तो परत जाणारा माणूस अर्जदाराला मोठा वाटतो. जाड पुस्तकातला नुसताच उंच आहे.

४. आता मुद्द्याची गोष्ट. पातळ पुस्तकाच्या पान ३८ वर एक वाक्य आहे: ‘चक्री फिरवणाऱ्या बाईचा हात इतका सारखा चाले, की तिला ताप आला त्या आठवड्यात पडद्यावरची माणसे लंगडू लागली.’ ती बाई अर्जदाराची आई. अकरा वर्षे तिने ती चक्री फिरवली. जगात छापलेली तिची एवढीच एक ओळ आहे.

आईचे वय एक्क्याण्णव. ती आता अर्जदाराला कधी ‘दादा’ म्हणते, कधी ‘ओ तिकीटवाले’ म्हणते. पण ही ओळ वाचली की तिचा उजवा हात चादरीवर फिरू लागतो आणि ती दर वेळी तडकते, “ताप कसला मेल्या, हात भाजला होता माझा! तुला काय माहीत, तू बाहेर तिकिटं फाडत होतास.” मग अर्धा तास ती भानावर असते. अर्जदाराला नावाने हाक मारते. जाड पुस्तकही वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, “हे कोण गृहस्थ?” ज्या चरित्राशी घरातले माणूस भांडू शकते ते चांगले चरित्र, याहून दुसरी कसोटी अर्जदाराला ठाऊक नाही.

५. यादीत पातळ पुस्तकापुढे कारण दिले आहे: ‘वाचक शून्य. सहा वर्षांत नऊ वेळा नादुरुस्त.’ दोन्ही नोंदी वाचनालयाच्या वहीप्रमाणे बरोबर आहेत आणि दोन्ही अर्जदाराच्या पापाने झाल्या आहेत. एकच प्रत असल्याने पुस्तकावर ‘घरी देऊ नये’ असा शिक्का आहे. आईला आपल्या एक्केचाळीस पायऱ्या चढवत नाहीत. म्हणून अर्जदाराने नऊ वेळा स्वतःच्या हाताने वहीत ‘शिवण सुटली’ असे लिहिले आणि पुस्तक बांधणीसाठी म्हणून घरी नेले. शिवण कधीच सुटली नव्हती. नऊपैकी एकाही वेळेचे बिल लावलेले नाही, तपासून पाहावे. ज्या पुस्तकावर इतका जीव, त्याच्याच गळ्याला आपल्या अक्षराने फास लावला. अर्जदार ग्रंथपालबाईंना हे सांगायला गेला तर त्या म्हणाल्या, “काका, वहीत तुमचंच अक्षर आहे. मी काय करू?” त्यांचेही खरे आहे.

६. तरी विनंती, की पातळ पुस्तक ठेवावे आणि खोट्या नोंदींबद्दल अर्जदाराला काढावे. एकाला काढायचेच असेल तर माणूस काढावा, माणसे पुष्कळ मिळतात. हे जमत नसेल तर अर्जदार पातळ पुस्तक जाड पुस्तकाच्या पोटात, त्या जोडलेल्या पानांमागे शिवून देण्यास तयार आहे. तिथे कोणाच्या नजरेस पडणार नाही याची हमी समितीनेच दिलेली आहे. तेही नको असेल तर टेम्पो एक आठवडा थांबवून पुस्तक आईच्या नावावर एकदा, फक्त एकदा, रीतसर घरी द्यावे. तारखेचा शिक्का मारावा. म्हणजे ‘वाचक शून्य’ हे तरी खोटे ठरेल.

पुस्तक घरी दडवून ठेवता आले असते. दहाव्यांदा खोटे लिहिण्याचा कंटाळा आला.

आपल्या पुस्तकांच्या पाठी सांभाळणारा,
बांधणीवाला
सोमवार, सकाळी नऊ

सोबत:
१) पातळ पुस्तक, एक प्रत. एकही पान सुटलेले नाही, ओढून पाहावे.
२) आईचा सभासद होण्याचा अर्ज. सही गोल गोल फिरली आहे, पण हात तिचाच आहे.