वीतभर माती

आमेर, जयपूर
२३ नोव्हेंबर

ती. आई,
साष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे आता? जिना चढू नका असं डॉक्टरांनी सांगितलंय, पण तुम्ही ऐकत नसणार. तुळशीच्या लग्नाला अंगणात कोण कोण आलं होतं? संगमनेरला अजून दुपारी पंखा लावत असाल. इकडे सकाळी शाल लागते. बाजारात लाल गाजरं आली आहेत. मी बरी आहे. तुमचा परीक्षितही बरा असावा.

‘असावा’ लिहिलं आणि हात थांबला. सप्टेंबरपासून मी जयपुरातल्या आमच्या मानसरोवरच्या घरी राहत नाही, हे तुम्हाला त्यानं सांगितलंच आहे. आमेरला एका शाळेत विज्ञान शिकवते आणि शाळेजवळच भाड्याच्या खोलीत राहते. खोलीला ऊन भरपूर आहे.

फोनवर बोलायला लागलं की तुम्ही रडता, आणि मी ‘बरं आई’ म्हणून मोकळी होते. परवा रविवारीही तसंच झालं. तुम्ही म्हणालात, “दोन ओळी लिहून दे गं. माणूस आजारी पडतं, त्यात लाज कसली? त्याची नोकरी वाचेल, तूही घरी येशील.” मी म्हणाले, “बघते.” आई, मी बघितलं. मी लिहून देणार नाही. का, ते तुम्ही एकदा माझ्याकडून ऐका, म्हणून हे पत्र.

आमची कंपनी काय करते ते तुम्हाला ढोबळ माहीत आहे. कुठे खाण सुरू करायची असेल तर तिथलं पाणी, झाडं, माती तपासून सरकारला अहवाल द्यायचा. परीक्षित या कामाचा प्रमुख आणि माती माझ्याकडे. फेब्रुवारीत आम्ही आमेरच्या उत्तरेला एका चुनखडकाच्या डोंगरावर गेलो. वरचं पठार गावाचं गायरान, त्यावर शेळ्यामेंढ्या चरतात. लांबून पाहिलं तर नुसता पांढुरका दगड. परीक्षित गाडीतून उतरता उतरताच म्हणाला, “इथं तुला काही काम नाही. दुपारपर्यंत आटपेल.”

मला पाच दिवस लागले. तुमच्या मळ्यात पुरुषभर खणलं तरी काळी मातीच लागते, म्हणून तुम्हाला हे सांगायला मला आवडेल. त्या डोंगरावर माती वीतभर आहे. काही ठिकाणी तेवढीही नाही. कुदळ मारली की खणकन दगडावर आपटते. पण जी आहे ती काळीभोर, भुरभुरीत, हातात घेतली तर रव्यासारखी दाणेदार. त्यात चुनखडीचे खडे. आम्लाचे थेंब टाकले की फसफसून येते. वर्षानुवर्षं गवत आणि पाला कुजून तिच्यात मुरला आहे. नांगर तिथं कधीच चालणार नाही, आणि पाऊस थांबला की वरचा थर चटकन सुकतो, कारण पाणी खडकाच्या भेगांतून खाली निघून जातं. तेच पाणी पायथ्याच्या गावाच्या विहिरींना लागतं. त्याच भेगांत मुळं घालून आपल्या धावड्याच्या नात्यातलं धोक नावाचं झाड तिथं उभं आहे, आणि खडकांच्या मधेमधे धामण गवत.

ही माती एवढी कमी का, तर चुनखडक पावसाच्या पाण्यात विरघळून वाहून जातो. त्यातला मातीचा अंश मागं राहतो तो चिमूटभर. एवढ्याशा थराला हजारो वर्षं लागली असतील. खरवडून काढायला एक दिवस पुरेल, आणि एकदा गेली की गेली. मी हे सगळं अहवालात लिहिलं. पठार खाणीतून वगळावं, असंही लिहिलं.

ऑगस्टमध्ये गावात जनसुनवाई झाली. म्हणजे खाणीबद्दल लोकांचं म्हणणं सरकारी अधिकाऱ्यांनी समोर बसून ऐकून घ्यायचं. शाळेच्या पटांगणात मंडप घातला होता. परीक्षित मंचावर होता, मी दुसऱ्या रांगेत. गुलाबदेवी नावाची एक गुजर बाई उठली. पाच दिवस मी तिच्याच घरी जेवले होते. तिनं विचारलं, “पठार गेलं तर आमची जनावरं कुठं चरायची?” परीक्षितनं माइक घेतला आणि म्हणाला, “देखिए, हमारी हर्षालीजी ने खुद जाँच की है. ऊपर मिट्टी है ही नहीं. सिर्फ पत्थर है.”

गुलाबदेवी माझ्याकडे बघायला लागली.  

मला आधी वाटलं, तो चुकून बोलला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली, तेव्हा समजलं की माझं लिखाण अहवालातून काढून टाकलंय आणि नाव तेवढं ठेवलंय. मी उभी राहिले. माझा आवाज थरथरत होता, हे कबूल करते. म्हणाले, “मी हर्षाली. जाँच मीच केली. वर माती आहे. कमी आहे, पण आहे, आणि ती गेली तर या गावाची चराई जाईल आणि विहिरींचं पाणीही धोक्यात येईल.” हे हिंदीत म्हणाले, मोडकंतोडकं. पण सगळ्यांना कळलं.

इथवरचं तुम्हाला परीक्षितनं सांगितलं असेल. मी सगळ्यांसमोर त्याला मान खाली घालायला लावली, एका दगडी डोंगरासाठी संसार मोडला, असं.

२४ नोव्हेंबर

काल इथंच थांबले. पुढचं लिहायला धीर होत नव्हता. आज शाळेला सुट्टी आहे, अंगणात खुर्ची टाकून बसले आहे.

आई, मी घर सोडलं ते डोंगरासाठी नाही.

मी बोलले तेव्हा मंडपात एकदम गलका झाला. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी परीक्षितला विचारलं, “ये क्या है?” त्यानं उत्तर दिलं. माइक हातातच होता. “सर, मॅडम की तबीयत पिछले साल से ठीक नहीं है. हमारा एक... घर में एक हादसा हुआ था. तब से ये ऐसी ही हैं.”

गेल्या वर्षी जानेवारीत आपलं बाळ पोटातच गेलं. तुम्ही रात्रीच्या गाडीनं आलात. माझे केस विंचरलेत, मला पाळण्यातल्या मुलीसारखं भरवलंत. ते आपण तिघांनी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या माहेरीसुद्धा पूर्ण माहीत नाही. त्यानं ते दोनशे अनोळखी माणसांपुढे मांडलं, का, तर मी खोटं बोलायला तयार नव्हते म्हणून.

परतताना गाडीत मी विचारलं, “तू हे कसं बोललास?” तो म्हणाला, “मग काय करायचं होतं? तू मला कोंडीत पकडलंस. आणि खोटं काय बोललो? तू सावरली नाहीसच.” मी म्हणाले, “माझं दुःख तुझंही होतं ना रे?”  खातीपुऱ्याच्या रेल्वे फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा स्टिअरिंगवर डोकं ठेवून तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो वाईट माणूस नाही, हे तुमच्याइतकंच मलाही माहीत आहे. ऑपरेशनच्या दिवशी तो हॉस्पिटलच्या फरशीवर बसून होता, उपाशी. मी ते विसरलेले नाही. त्या क्षणी त्यानं माफी मागितली असती, तर मी आज मानसरोवरलाच असते.

पण डोळे पुसून तो म्हणाला, “उद्या एक पत्र दे. डिप्रेशनमध्ये होते, बोलण्यावर ताबा नव्हता, असं. साहेब मिटवतील.”

पंधरा दिवस तो रोज हेच सांगत राहिला. मग मी बॅग भरली.

पुढं काय झालं ते त्यानं तुम्हाला सांगितलं नसणार. माझं म्हणणं सुनवाईच्या नोंदीत गेलं होतं. ऑक्टोबरमध्ये सरकारी पथक आलं, त्यांनी स्वतः खड्डे घेतले. पठार खाणीतून वगळलं आहे. खालचा अर्धा उतार मात्र जाणार, त्याला मी काही करू शकले नाही. मला कंपनीनं काढलं. जयपुरात या कामातलं दुसरं कुणी मला घ्यायला तयार नाही. आता कंपनीनं परीक्षितला सांगितलंय की बायकोकडून आजारपणाचं लिहून आण, म्हणजे माझं म्हणणं नोंदीतून बाद करून पठारासाठी पुन्हा अर्ज करता येईल. तुम्ही मागताय त्या दोन ओळी त्यासाठी आहेत, आई. त्यानं तुम्हाला एवढं उघड सांगितलं असेल, असं मला वाटत नाही.

मी आजारी नव्हते. मी दुःखात होते, अजूनही असते. जानेवारी आला की पोटात कळ येते. पण त्या दुःखातही मला माती दिसत होती, दगड दिसत होता आणि खोटं कोण बोलतंय तेही दिसत होतं. रडणारी बाई वेडी असते, असं मी लिहून दिलं, तर उद्या माझ्या कुठल्याच शब्दाला किंमत उरणार नाही. आणि त्या बाळाचाही तो अपमान होईल. त्याच्या जाण्याचा वापर कुणी दगड फोडायला करू नये. परीक्षितनंही नाही आणि तुम्हीही नाही.

तुम्ही पुढच्या आठवड्यात इकडे येणार आहात, असं म्हणालात. जरूर या. मानसरोवरला उतरा, तुमचा मुलगा आहे, त्याला तुमची गरज आहे. मग एक दिवस माझ्याकडे या. बाजरीची भाकरी करते, तुम्हाला पठारावर नेते, गाडी वरपर्यंत जाते. परीक्षितला यायचं असेल तर येऊ दे, पण कागद घेऊन नको. मला हात जोडायला सांगायला येणार असाल, तर मात्र मला तुमच्यापुढे हट्टी व्हावं लागेल, आणि ते मला आवडणार नाही. तरीही होईन. पुन्हा तसा मंडप असला, पुन्हा तोच माइक असला, तरी मी पुन्हा उभी राहीन. या वेळी आवाज थरथरणार नाही.

तुम्ही मला सून मानायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी तुम्हाला आई म्हणणं सोडणार नाही.

पूर्ण शुद्धीत, स्वहस्ते,
हर्षाली