पिवळं म्हणजे पाडायचं

रविवार, ३ एप्रिल १९७७

उशीर झाला, माफी असावी. कोणाची मागतोय — वहीची! सोना गेली त्या दिवशी शेवटचं लिहिलं. नंतर पाच महिने हात धजला नाही.

आज लिहायला कारण आहे. ग्रामसेवक म्हणाले, घराची दुरुस्ती करायची तर अर्जाला नकाशा जोडा. म्हटलं जोडतो, मीच काढतो. ते हसले. हसू देत.

मी चौथी पास, तीही रात्रीच्या वर्गात. सगळी नोकरी कारखान्याच्या गेटवर पहारा करण्यात गेली. पण वाल्मिकची नकाशाची फळी, टी-स्क्वेअर, त्रिकोण सगळं माळ्यावर आहे. आयटीआयची वहीही आहे. पोरगा घर सोडून गेला, सामान इथंच. नकाशे काढणारा पोरगा असून बापाने नकाशा काढायचा!

गोठा पाडायचा. म्हैस विकून दोन वर्षं झाली, भिंत कलली आहे. वाल्मिकच्या आईच्या, सोनाच्या, खोलीला मात्र बोट लावायचं नाही. तिची खोली न पाडता घर नीट होतं, हे त्याला दाखवून देणार. मग तरी चुकलो म्हणेल.

मंगळवार, ५ एप्रिल

वाल्मिकच्या वहीतून शिकलो ते:

टी-स्क्वेअरचं डोकं फळीच्या डाव्या कडेला घट्ट दाबायचं. सैल राहिलं तर रेघ उतरते, आणि हे शेवटी कळतं. पेन्सिल ओढायची, ढकलायची नाही. ओढताना बोटांत फिरवत राहायची, म्हणजे टोक एका अंगाने झिजत नाही. एक इंच म्हणजे आठ फूट.

त्याचं अक्षर किती सुबक! माझं बघा.

गुरुवार, ७ एप्रिल

घर मोजलं. शेजारच्या विमलबाईने टेपचं टोक धरलं. म्हणाली, "सदूदादा, घर काय पळून नाय चाललं. केवढं दाबून धरलंय!"

रस्त्याकडून पाहिलं तर मधे ओटी, मागे चूल. डाव्या हाताला गोठा, उजव्या हाताला सोनाची खोली. दोन्ही आठ बाय दहा. एकसारख्या, तराजूच्या पारड्यांसारख्या.

बेरीज मात्र जुळेना. आतून मोजलं ते आणि बाहेरून मोजलं ते, चार फुटांचा फरक! तीनदा मोजलं. शेवटी विमलबाईच म्हणाली, "आन भिंती कुटं गेल्या?" भिंतींची जाडीच धरली नव्हती. हे वहीत पहिल्या पानावर लिहिलंय.

सोनाच्या खोलीत खाटेच्या पायांचे चार खळगे आहेत जमिनीत. त्यांवर टेप ठेवला नाही. वळसा घालून मोजलं.

शुक्रवार, ८ एप्रिल

झोप नाही. ते लिहूनच टाकतो.

मागच्या वर्षी जानेवारीत. सोना अंथरुणाला खिळलेली. वाल्मिक म्हणाला, दादा, घर सुधारू, मी नकाशा काढतो. मला शिकवलंही होतं — जुनं काळं, नवं तांबडं, पिवळं म्हणजे पाडायचं. एके दिवशी बाहेरून आलो तर तो विहिरीवर गेलेला आणि नकाशा मेजावर वाळत पडलेला. चष्मा लावला. अजून खोल्यांची नावं घातली नव्हती, पण माझं घर मला कळत नाही? उजव्या हाताच्या खोलीवर पिवळा रंग! सोनाच्या खोलीवर! ती आत जिवंत असताना! आणि गोठ्याला रस्त्याच्या अंगाने नवीन तांबडी खिडकी. रिकाम्या गोठ्यातून बघायचं कोणी, एस.टी.?

तो आला. मी कागद त्याच्या तोंडासमोर धरला. आईची खोली पाडतोस?

त्याने कागदाकडे बोट केलं. मग म्हणाला, "उलटं हाय, दादा. उलटं."

माझं डोकं फिरलं. वीस वर्षांपूर्वी, नुकतीच अक्षरं शिकलो होतो, एस.टी. स्टँडवर पेपर हातात धरला तेव्हा पाटलाकडचे हसले होते — बघा, सदूने पेपर उलटा धरला! पेपर सरळच होता. ते हसू अजून कानात आहे. आणि आज माझाच मुलगा तेच म्हणतो! मी शिकवला, मी आयटीआयला घातला, म्हणून?

विमलबाईच्या देखत थोबाडीत मारली. बावीस वर्षांचा मुलगा. त्याच पावली घर सोडून गेला. कागद मी चुरगाळला. पेटीत टाकला. तिथंच आहे. पुन्हा बघायचा नाही, एकदा बघितला तेवढा पुरे.

सोनाने आतून सगळं ऐकलं. म्हणाली, "त्याला नीट इचारा तरी."

विचारलं नाही. नोव्हेंबरात ती गेली. तो आला, लांब उभा राहिला, परत गेला.

रविवार, १० एप्रिल

लेक आली कळंबहून, जया. मुलं आणली नाहीत, तेव्हाच ओळखलं, काहीतरी बोलायला आलीय.

"दादा, भाऊ मस्कतला चाललाय. नकाशाचंच काम. चोवीस तारखेला इमान हाय. तुमी नुसतं ये म्हणा, येईल भेटायला."

"त्याने आधी चुकलो म्हणावं."

"तो म्हणतो, दादांनी नीट बघितलंच नाय."

नीट बघितलं नाही म्हणे! चष्मा लावून बघितलं मी!

"आन तुमच्या ह्या नकाशात काय हाय?" तिने विचारलं. "भाऊच्या रेघोट्या भाऊलाच दाखवायच्या?" चहा तसाच ठेवून गेली.

गुरुवार, १४ एप्रिल

जयंती. निळे झेंडे लावले. तिघांनी विचारलं, वाल्मिक आला नाय का?

मंगळवार, १९ एप्रिल

खालापूरला गेलो. कचेरीजवळ जयवंता ट्रेसर बसतो, लोकांचे नकाशे काढून देतो. पेन्सिलीचा नकाशा दाखवला. बराच वेळ बघितला त्याने.

"आजोबा, चांगलंय. पन हे दार उघडलं की खाटेवर आपटंल. दाराची नुसती फट दाखवायची नाय. ते कुटवर फिरतं त्याची कमान काढायची, मग कळतं आत मानूस मावतो का."

खाट आता नाही, हे सांगितलं नाही. दार दुसऱ्या अंगाला फिरवलं.

ट्रेसिंग कागद घेतला. पलीकडचं दिसतं त्यातून. त्याने सांगितलं, आधी खडूची पूड चोळा, नायतर शाई धरत नाही. शाई वरून खाली, डावीकडून उजवीकडे, म्हणजे हात ओल्या रेघेवर जात नाही. चुकलं तर ब्लेडने हलकं खरवडा.

"आन रंग शाईवर लावू नका, फुटती ती. लावायच्या खोलीवर पेन्सिलीने खूण करा, कागद पालथा घाला, आन मागनं रंगवा. तसाच पालथा वाळू द्या. पुढनं झिरपून दिसतं तेवढं पुरे. अक्षरं सगळ्यात शेवटी."

परत येताना स्टँडवर कर्जतची गाडी उभी होती. कर्जतला उतरून कळंबची गाडी मिळते. जयाला सांगितलं असतं, बोलाव त्याला. पायरीवर पाय ठेवला. कंडक्टर म्हणाला, "चढताय का उतरताय?"

उतरलो. चूक त्याची आहे.

रविवार, २४ एप्रिल

विमान कितीला असतं ते विचारलंच नाही. दिवसभर वर बघत होतो.

बुधवार, २७ एप्रिल

शाई सुरू केली. चुलीच्या कोपऱ्यात डाग पडला, खरवडला, भोक पडलं. नवा कागद. पुन्हा पहिल्यापासून.

तो गेल्यापासून कुणाला दाखवायचं हे कळत नाही. तरी काढतोय.

मंगळवार, ३ मे

बुद्ध पौर्णिमा. आज संपवायचाच ठरवलं होतं. सकाळी वंदना म्हटली, मग बसलो.

गोठ्यावर पेन्सिलीने खूण केली. कागद पालथा घातला. खूण मागून दिसत होती, तेवढ्याच चौकोनात पिवळा भरला. कडेबाहेर थेंब नाही! वाळत ठेवला. तेवढ्यात विमलबाईने खिरीसाठी हाक मारली. तिच्या ओटीवर बसून खाल्ली. "दादा, आज तोंड जरा बरं दिसतंय," म्हणाली.

घरी आलो. चष्मा लावला. मेजावर नकाशा. उजव्या हाताच्या खोलीवर पिवळा रंग.

सोनाच्या खोलीवर!

मीच लावला! ह्याच हाताने! गोठ्यावर खूण केली होती, मला नक्की आठवतं. दोनदा डोळे पुसले. उजवीकडेच. अगदी तसंच. त्या दिवशी होतं तसंच.

कागदाला हात लावायची भीती वाटते. सकाळी बघतो.

बुधवार, ४ मे

कागद पालथा होता. सुलटा केला. पिवळं गोठ्यावर.

पेटीतला वाल्मिकचा काढला, तोही ट्रेसिंग कागदच, तळहाताने सपाट केला, तोही उलटून बघितला. गोठा पिवळा. सोनाची खोली काळी, जशीच्या तशी. तांबडी खिडकी तिच्या भिंतीला, खाटेवरून रस्ता दिसेल अशी.

"उलटं हाय, दादा." कागदाबद्दल सांगत होता.

पहिल्या गाडीने कळंबला जातो, जयाकडून पत्ता घेतो. दोन्ही नकाशे पाठवतो. वाल्मिक, बाळा, उलटं मीच धरलं होतं. पोचलास का, एवढं तरी लिही. आजच लिही.