अलीझाचा उतरता आलेख

४ नोव्हेंबर २०२४, अमरावती

अलीझा आली! पुण्याहून, दिवाळीच्या सुटीत. बॅगेआधी लॅपटॉप उघडला. विश्वाला फुगवत नेणारी, कुणालाच न दिसलेली कृष्ण ऊर्जा कोणत्या काळात किती जोरात होती, ते माझी लेक फुटलेल्या ताऱ्यांच्या अंतरांवरून मांडते. तिच्या आलेखातली रेघ आपल्या काळाकडे येताना उतरत जाते. "अम्मी, जोर ओसरतोय! सगळं कायम असंच एकमेकांपासून लांब पळत राहणार नाही कदाचित."

दुपारभर ते वाक्य डोक्यात तरंगत होतं. कपडे वाळत घातले, तेही तरंगतच.

६ नोव्हेंबर

पंधरा तारखेपर्यंत या आलेखाचा पेपर गेला तर जर्मनीतली संशोधनाची जागा पक्की. तीन वर्षं! मी म्हटलं, जा ना. हसूनच म्हटलं.

९ नोव्हेंबर, अकोला

अलीझाला घेऊन अब्बांकडे. चाळीस वर्षं एका बियाण्यांच्या फार्मवर रोज सकाळी पाऊस मोजला त्यांनी. आलेख बराच वेळ पाहिला.

"सारे तारे एकाच दुर्बिणीनं पाह्यले काय, बेटा?"

"नाही नाना. दूरचे नव्या, जवळचे बरेचसे जुन्या."

"मंग तारे बदलले का माप बदललं, कसं समजते तुले?"

"त्याची दुरुस्ती तयार मिळते."

"तू तपासली?"

तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग अब्बाच खाली बघत म्हणाले, "पाऊसमापकाजवळ मीच कडुनिंब लावला होता, सावलीले. तो वाढत गेला, पाणी अडवत गेला. मी सालोसाल पाऊस कमी-कमी लिहून राहिलो! आटून राहिला समजून नांदगावचं वावर विकलं. नोकरी सुटल्यावर ध्यानात आलं."

आमचं ते शेत का गेलं, हे मला आज कळलं. वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी!

१२ नोव्हेंबर, अमरावती

अलीझा जुनी मापं पुन्हा जुळवते आहे. ताट तसंच.

१३ नोव्हेंबर

रेघ जवळजवळ सपाट! उतार बहुतेक दोन मापांच्या सांध्यातलाच होता. तिचे सर फोनवर म्हणाले, "सगळे तीच दुरुस्ती वापरतात, पेपर आधी होता तसाच पाठव." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी भाजी चिरत राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं.

१५ नोव्हेंबर

नाही पाठवला. जर्मनी गेली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली पोर. मी केसांतून हात फिरवत म्हणत होते — होईल गं, पुढच्या वर्षी होईल. आणि आतून मला इतकं हलकं वाटत होतं, की हात मध्येच थांबला. तिला कळलं असेल?