पेटची तारीख

६ जानेवारी, सोमवार

भेटली एकदाची तारीख! गुरुवारची, सकाळी अकरा, अकोला. आमच्या यायचे सहा केमो झाले. आता हे पेट स्कॅन सांगणार, का यायच्या गळ्यातल्या अन पोटातल्या गाठी मेल्या का अजून जित्या आहेत. मेल्या असल्या तं सुट्टी. जित्या असल्या तं आणखी जबर दवाई, अन तेवढी यायच्या अंगाले सोसन का नाही, ते डॉक्टरही सांगत नाहीत. विचारलं तं म्हणे, "आधी स्कॅन होऊ द्या."

तिथं आचल नावाची पोरगी आहे. तिनं फोनवर यायचं नाव लिहून घेतलं – खुशालराव, वय अठ्ठावन्न – अन मले सगळं सांगतलं. आदल्या दिवशी मेहनतीचं काम नाही. रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही नाही. शुगर दोनशेच्या आत पायजे – अन हे तं आठ वर्षांपासून शुगरवाले! मी विचारलं, काहून एवढं? तं म्हणे, काकू, आम्ही सुईतून साखरेसारखी दवाई देतो. कॅन्सरले साखर भल्ली आवडते. तो ती ओढून घेते, अन मशीनमंधी तेवढी जागा चमकते. अंगात आधीच गोड भरलं असलं तं तो आमच्या दवाईकडे पाहतही नाही.

म्हणजे घरून जेवून आलेला पाहुणा. समजलं मले.

८ जानेवारी, बुधवार

मेहनत नाही म्हटलं होतं. दुपारी पायते तं हे मळ्यातल्या शेवंतीत वाकून! "तोडून नाही राहिलो, पाहून राहिलो," म्हणे. हातात टोपली अर्धी भरलेली. घरी आणले, खाटेवर बसवले. बसल्या जागी तीनदा विचारलं, फुलं ओली तं नाही भरली, गाडीवाला आला का, पाणी कोण सोडून राहिलं. सुपारीची डबी काढून घेतली. एखाद्या लेकरासारखं तोंड केलं यायनं.

साडेआठले पोळी अन मेथीची भाजी. मग बंद. साखरेचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माह्या कमरेले.

९ जानेवारी, गुरुवार

झालं नाही. माह्यी चूक. इथं लिहून ठेवते, दुसऱ्या कोणाले सांगायची हिंमत नाही.

पहाटे पाचले हे उंबऱ्यावर उभे. मी कपाट उघडलं, वाटीत दही घेतलं, वर साखर टाकली, यायच्या तळहातावर ठेवली. यायनं चाटून घेतली. चांगल्या कामाले निघणाऱ्या माणसाच्या हातावर दहीसाखर – चौतीस वर्षांत एकदा चुकली नाही मी. कुलूप मीच लावलं, मीच उघडलं, अन डोक्यात काही उजेड पडला नाही! फाटकाशी शेजारच्या पुंजाजीची बायको वाटी घेऊन उभी. तिचंही घेतलं. अमरावतीले स्टँडवर माह्यी नणंद शकुन डबा घेऊन हजर. तिनं तं दोनदा दिलं. एक जायचं, एक सुखरूप यायचं.

अकोल्याले आचलनं विचारलं, काकाजी, काही खाल्लं का? हे म्हणे, पाणी सोडून काहीच नाही. मीही मान हलवली. खोटं नव्हतो बोलत आमी. दहीसाखर कोणी खाण्यात धरते का!

बोटाले सुई टोचली. दोनशे अडुसष्ट. दुसरं बोट. दोनशे एकाहत्तर.

मंग एकेक वाटी बाहेर निघाली. आचल कपाळाले हात लावून बसली. यायच्या नावाची दवाई शिशाच्या डब्यात घालून नागपूरहून गाडीनं आली होती. ती दोन तासांत अर्धी होते म्हणे, उद्यासाठी ठेवता येत नाही. पुढची तारीख सोळा.

हे बसमंधी खिडकीच्या बाहेर पाहत बसले. मी अमरावतीपर्यंत मनातल्या मनात स्वतःले शिव्या देत आली. अमरावतीच्या पुढे त्या शिव्याही सरल्या.

११ जानेवारी, शनिवार

घास उतरत नाही. गाठीले वाढाले आठ दिवस मोकळे दिले मी. हे म्हणतात, जाऊ दे ना, आठ दिवसांनी काय होते. अन स्वतः मजेत! दोन्ही वेळ पोटभर जेवले. सकाळी पुंजाजीसंग ओट्यावर बसून हसून राहिले होते, आतपर्यंत आवाज. केमो सुरू झाल्यापासून यायले असं पायलं नव्हतं. खुश व्हाव का रडाव? मले रागच आला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ आला तसा वापस पाठवला. पुंजाजीची बायको रुसली. रुसू दे.

१६ जानेवारी, गुरुवार

झालं!

पहाटे कोणाच्या हातावर काही नाही. शकुनले काल फोन करून बजावलं, येजो, पण रिकाम्या हातानं येजो. ती आली अन दोन्ही हात पाठीमांग धरून उभी रायली, बस सुटेपर्यंत. शुगर एकशे बेचाळीस. मी आचलले दोनदा विचारलं, बरोबर पायलं ना?

सुई देऊन यायले एका खोलीत तासभर निजवलं. बोलायचं नाही, चघळायचं नाही, हलायचं नाही. बोललं तं गळा चमकते म्हणे, अन आपल्याले गळ्यातलंच तं पायचं आहे. दाराच्या काचेतून मी डोकावली. छताकडे डोळे लावून हे निजलेले, हात सरळ. हा माणूस जागेपणी तासभर चूप – चौतीस वर्षांत मी किती वेळा मांगतलं असन देवाजवळ! आज भेटलं तं पायवलं नाही. भेव लागलं. बाहेर बाकावर येऊन बसली.

निघताना आचलनं सांगतलं, दवाई उतरेपर्यंत, म्हणजे संध्याकाळपर्यंत, लहान लेकरं अन गरोदर बाया यायच्यापासून दूर पायजेत. वापसीच्या बसमंधी नेमकी एक बाई मांडीवर लेकरू घेऊन यायच्या बाजूले बसली. हे उठले, मांग जाऊन दांडा धरून उभे रायले. कंडक्टर म्हणे, काकाजी, जागा असून उभे काहून? यायनं सांगून टाकलं, अंगात दवाई आहे, लेकराले बाधन. त्या बाईनं लेकराच्या तोंडावर पदर घेतला अन उठून पार पुढे गेली. जागा रिकामी झाली. तरी हे मूर्तिजापूरपर्यंत बसले नाहीत. त्या बाईचं काही चुकलं नाही, पण मले वाईट वाटलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी चहा घेता घेता हे बोलले. त्या पहिल्या खेपेले अमरावती स्टँडवर लघवीले जातो म्हणून गेले होते. तिकडून परस्पर हॉटेलात गेले अन पावभर जिलेबी खाल्ली. उभ्या उभ्या.

"दहीसाखरेनं इतकी नसते वाढत, जमुना. जिलेबीनं वाढली."

पहिले तं मले समजलंच नाही. मंग विचारलं, काहून?

"स्कॅन झालं असतं तं समजलं असतं ना. मले आठ दिवस तसेच पायजे होते. काही न समजलेले."

तोंडाले येईन ते बोलली मी. इकडे माह्या गळ्याखाली घास उतरत नव्हता, मी स्वतःले पापीण म्हणून राहिली होती, अन तुमी ओट्यावर बसून हसता! हे शेवटी म्हणे, चांगले गेले मात्र ते दिवस.

दिवसभर बोलली नाही. संध्याकाळी वांग्याचं भरीत केलं, यायले आवडते तसं, कांद्याची पात घालून. वाढलं. बोलली मात्र नाही.

१८ जानेवारी, शनिवार

दुपारी रिपोर्ट मोबाईलवर आला. सारा इंग्रजीत. हे मळ्यात होते. मी डॉक्टरले फोन लावला. ते म्हणाले, "जमुनाबाई, औषध लागू पडलेलं नाही. गळ्यातली गाठ तशीच आहे, पोटात दोन नव्या आहेत. बुधवारी दोघं या, पुढचं औषध सुरू करू."

मी विचारलं, यायले आजच सांगा लागते का? ते मग म्हणाले, "बुधवारी सांगितलं तरी चालेल."

हे टोपली घेऊन आले. पाय धुता धुता विचारलं, आला का रिपोर्ट?

मी म्हटलं, "नाही. बुधवारी भेटते म्हणे."