केबिन चारचा शाश्वतता अहवाल

४ जुलै
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर चांगलं काढतोय.
प्रमोशनची मुलाखत ऑक्टोबरात. समितीला पुरावा हवा की माझ्या शिकवण्याने मुलं खरोखर शिकतात. माझा विषय सस्टेनेबिलिटी रिपोर्टिंग. म्हणजे कंपनीने नफ्याबरोबर वीज, पाणी, कचरा यांचाही हिशेब जगापुढे मांडायचा. आमच्या अकाउंटिंग विभागात हे फक्त मला कळतं.

७ जुलै
पहिला तास. कागदबचतीवर बोललो. नोट्स सगळ्यांना छापून दिल्या, पाठकोऱ्या, मोठ्या अक्षरात. मागच्या बाकावरचे दोघे डोळे मिटून विचार करत होते.
उद्यापासून कॉलेजला चालत. आमच्या गॅलरीतून कॉलेज दिसतं.

८ जुलै
बुटांचे तळ पातळ वाटले. गाडी नेली.

२१ जुलै
प्रोजेक्ट दिला: आपल्याच विभागाचा अहवाल. फळ्यावर ठळक लिहिलं, 'जे लपवायला सांगितलं जाईल, तेही अहवालात आलं पाहिजे.' पुढच्या बाकावरच्या चष्मेवालीने लगेच उतरवून घेतलं. पोरगी हुशार आहे.
हाच अहवाल समितीपुढे ठेवणार. विभागात सापडण्यासारखं आहे काय?

२ ऑगस्ट
मुलं माझ्या केबिनबाहेर घुटमळतात. आदर, दुसरं काय. चष्मेवालीने विचारलं, सर तासाला गेल्यावर एसी कोणासाठी चालू असतो. म्हटलं, मी परत येतो ना, त्यासाठी. तेही तिने लिहून घेतलं. असे विद्यार्थी हल्ली मिळत नाहीत.

१६ ऑगस्ट
शिपायाने मुलांना प्रिंटरचे आकडे दिले म्हणे. निम्म्याहून जास्त कागद माझे. साहजिक आहे. काम कोण करतं?
घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, मग घाबरताय कशाला. मी घाबरलो असं म्हटलंच नव्हतं.

३ सप्टेंबर
कच्चा मसुदा आला. उत्तम. दुर्दैवाने उत्तम. विजेत केबिन चार पहिली, कागदात केबिन चार पहिली, गाडीने येणाऱ्यांत सगळ्यात जवळ राहणारे गृहस्थही केबिन चारचेच. केबिन चार माझी.
अहवाल दिला तर मुलं शिकली हे सिद्ध होतं आणि माझी लाज जाते. नाही दिला तर प्रमोशन जातं.

४ सप्टेंबर, दुपार
तोडगा निघाला. चष्मेवालीला केबिनमध्ये बोलावलं. एसी मुद्दाम बंद ठेवला, घाम गाळला. वडीलकीच्या नात्याने सुचवलं की केबिन चारचे आकडे 'इतर' या सदरात घालावेत. तिने शांतपणे ऐकून घेतलं.
"सर, ही आमची परीक्षा आहे का?"
हसून म्हटलं, तसंच समज. किती समंजस पोरगी. ती गेल्यावर एसी लावला.

५ ऑक्टोबर
मुलाखत. अंतिम अहवाल मी वाचला नव्हता. मुलांवर विश्वास टाकायला शिकलं पाहिजे.
'इतर' हे सदर होतं. त्यात एकच नोंद: केबिन चारचे आकडे इथे घालण्याची विनंती ४ सप्टेंबरला झाली, ती आम्ही मान्य केली नाही.
समितीच्या बाई पुन्हा पुन्हा तेच पान वाचत होत्या. म्हणाल्या, "इतकं पक्कं शिकवलं कोणी?"
या प्रश्नाची मी किती वर्षं वाट पाहिली होती. छाती पुढे काढून म्हटलं, मी.
"आणि केबिन चार कोणाची?"

९ ऑक्टोबर
निकाल. माझा कोर्स आता सगळ्या विभागांना सक्तीचा. प्रमोशनचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. केबिन चार सुधारणेचा नमुना म्हणून निवडली गेली, म्हणजे एसी काढून नेला. दर सोमवारी मुलं मीटर बघायला येणार.
चालत घरी आलो. हिने कारण विचारलं. तत्त्व, म्हटलं. मग सगळं सांगितलं. वाईट वाटतंय, हेही सांगितलं.
ही म्हणाली, "पण मुलं शिकली ना?"
शिकली. एकजात सगळी शिकली. मागच्या बाकावरचे ते दोघेसुद्धा.